केशरी रंगाचे संशयित

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका रंगपंचमीला, दिवस मावळण्याच्या थोडे आधी, जुन्या नाशकात बंदोबस्तावर असलेल्या एका हवालदाराच्या डोक्यात मागून लोखंडी पहार घालण्यात आली. हवालदार जागेवर कोसळला. मारणाऱ्याचा चेहरा कोणी पाहिला नाही. तो उघड्या अंगाचा होता आणि त्याचे अंग केशरी होते, एवढेच साक्षीदारांनी सांगितले. अंधार पडण्याच्या आत पोलिसांनी त्या भागातली केशरी अंगाची माणसे उचलायला सुरुवात केली.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात गुन्हेवार्ता पाहत होतो आणि त्याच भागात भाड्याने राहत होतो. पुढे दिले आहे ते मी स्वतः पाहिलेले, किंवा संबंधितांनी मला सांगितलेले, किंवा न्यायालयात बोलले गेलेले आहे. कोणते काय, ते त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो दिसत नाही. त्यावर लाकडी ओंडके टाकून माती लोटलेली असते. वरून रिक्षा जातात, भाजीवाल्या बसतात, लग्नाचे मांडव पडतात. रंगपंचमीच्या आधी माती उकरतात, पहारीने ओंडके उचलतात, हौद धुऊन पाण्याने भरतात आणि त्यात फुले उकळून केलेला रंग ओततात. पूजा झाल्यावर ज्या घराचा मान असेल त्या घरातला पुरुष पहिली उडी घेतो. या उडीला धप्पा म्हणतात. मग बाकीचे उतरतात आणि संध्याकाळपर्यंत उड्या पडत राहतात.

जुन्या नाशकात अशा अनेक रहाडी आहेत आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला आहे. आमच्या चौकातली केशरी. दोन गल्ल्या सोडून एक पिवळी. नदीकडे उतरताना एक तांबडी. रंग अंगावर कित्येक दिवस टिकतो. त्या आठवड्यात बँकेच्या काउंटरवरचा माणूस कुठल्या चौकात राहतो हे त्याच्या मनगटावरून कळते. आणखी एक गोष्ट सगळे धरून चालत: दुसऱ्याच्या रहाडीत कोणी उतरत नाही. उतरला तर त्याचे आपले लोक आधी मारतील आणि परके नंतर. ही गोष्ट मी पोलिसांकडून ऐकली होती, मानकऱ्यांकडून ऐकली होती आणि घरमालकिणीकडूनही. ती कोणी तपासून पाहिली नव्हती.

जो नको म्हणतो त्यालाही रहाडीत टाकायची पद्धत होती. चौकातून जाणारा कोरडा माणूस दिसला की चौघे त्याला हातापायांना धरून उचलत. बहुतेक जण हसत बाहेर येत. जे हसत येत नसत त्यांची बातमी होत नसे.

केशरी रहाडीला फुले पुरवणारे घर माळ्याचे होते. शहराबाहेर, गंगापूरच्या वाटेवर त्यांचा मळा होता. झेंडू घरचा, पळसाची फुले हरसूलच्या बाजारातून यायची, डोंगरातल्या बाया ती पाट्या भरून आणत. घरातला थोरला मुलगा, पंचविशीतला, बापाबरोबर दोन दिवस आधी येऊन चौकातच चूल मांडी आणि कढईत फुले उकळी. त्या बदल्यात मानकऱ्यांच्या नंतरचा, म्हणजे दुसरा धप्पा, त्या घराचा. सगळे त्याला फुलवाला म्हणत.

त्या दुपारी मी कार्यालयाच्या छायाचित्रकाराबरोबर समोरच्या ओट्यावर होतो. मानकरी, साठीचा, जाडजूड माणूस, पहिला धप्पा मारून काठावर बसला होता. फुलवाला सदरा काढत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आधीच गडद केशरी झाले होते.

"तू कशाला उडी मारतोस रे?" मानकरी म्हणाला. "तू तर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा आधीच रंगलास."

"दोन दिस कढईत हात हाय माझा, काका. तुमचं काय, वर्षातनं एकदा आंघोळ."

लोक हसले. फुलवाल्याने उडी घेतली. थोड्या वेळाने तो बाहेर आला, कढई आणि झारे हातगाडीवर टाकले आणि घाटावर धुवायला घेऊन गेला. हे मी पाहिले. तो परत आलेला मी पाहिला नाही.

हवालदार सिन्नरकडचा होता, निवृत्तीला फार वर्षे उरली नव्हती. अनेक वर्षे या चौकातला बंदोबस्त त्याच्याकडेच येत असे. कोणी बादली घेऊन जवळ आले की तो टोपी काढून वर धरायचा. "टोपीवर नको. टोपी सरकारची हाय. खालचा माणूस घरचा हाय, त्याला भिजवा," हे त्याचे दरवर्षीचे वाक्य होते आणि पोरे ते त्याच्याआधीच म्हणून दाखवत.

ऊन उतरल्यावर लुना घेऊन एक मध्यमवयीन गृहस्थ चौकात आले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. एका हाताने गाडी ढकलत ते कडेकडेने निघाले होते. सातआठ जणांनी त्यांना घेरले.

"अहो, हात मोडलाय माझा. नको. खरंच नको."

"हात वर धरा, काका!"

त्यांना उचलून टाकण्यात आले. ते तळाशी गेले. वर आले तेव्हा पालथे होते. त्यांच्या अंगावर आणखी दोघे पडले. हवालदार काठावर पोटावर झोपला, लाठी पुढे करून ती त्यांच्या झोळीत अडकवली आणि ओढत आणले. बाहेर काढल्यावर गृहस्थांनी केशरी पाणी ओकले. हनुवटी फुटली होती. प्लॅस्टरचा लगदा झाला होता. श्वास लागल्यावर ते रडू लागले, आणि तेवढ्यात तिथे आलेल्या निरीक्षकाला म्हणाले, "मी नको म्हणत होतो. सगळ्यांनी ऐकलं. मग तुम्ही इथे कशासाठी उभे आहात?"

निरीक्षकाने कर्णा मागवला आणि हौद ताबडतोब रिकामा करायला सांगितले.

मानकरी उठला. "परवानगी सूर्यास्तापर्यंत आहे, साहेब. सूर्य आहे अजून."

"सूर्य कधी मावळायचा ते मी ठरवणार आज."

गर्दीत हशा पिकला. "साहेबांना पण घ्या रे आत!" असे कोणीतरी ओरडले. मागून एक बादली आली आणि निरीक्षक डोक्यापासून बुटांपर्यंत भिजला. दोन हात त्याच्या कंबरपट्ट्याला लागले. ते ओढत होते की घसरणाऱ्या माणसाने आधार धरला होता, यावर नंतर दोन्ही बाजूंनी वेगवेगळे सांगितले. त्याने शिट्टी फुंकली.

लाठ्या ओल्या पाठींवर पडू लागल्या. ओल्या अंगावर लाठीचा आवाज वेगळा येतो, सपाट आणि मोठा. लोक अनवाणी होते आणि फरशीवर रंगाचा चिखल होता. पळणारे पडत होते, पडलेल्यांवर पळणारे पडत होते. हौदात पन्नासेक माणसे होती. बाहेर यायला कठड्यावर हात टाकला की बोटांवर लाठी बसत होती. हात सुटत होते, खालच्यांच्या डोक्यावर माणसे पडत होती. मानकऱ्याचा मुलगा कठड्याशी ओरडत होता, "अहो, बाहेर तर येऊ द्या, बाहेर या म्हणताय ना!" त्याची तीन बोटे मोडली. खिडकीतून पाहणाऱ्या एका बाईने खाली तांब्या फेकला, तो एका शिपायाच्या ओठावर बसला आणि दात बाहेर आले. शिपाई तिच्या जिन्याने वर धावले. मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सोड्याच्या गाडीवरच्या बाटल्या उडू लागल्या. काचा हौदाभोवती पसरल्या आणि त्यांवरून अनवाणी माणसे धावत होती.

हवालदार प्लॅस्टरवाल्या गृहस्थांना भिंतीशी धरून उभा होता. त्यांच्यावर लाठी पडू नये म्हणून त्याने पाठ गर्दीकडे केली होती. ओंडके उचलायची पहार सकाळपासून त्याच भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

मला पहार उचललेली दिसली नाही. आवाज ऐकू आला, नारळ फोडल्यासारखा. मी वळलो तेव्हा हवालदार गुडघ्यांवर होता. मग तो बाजूला कलंडला. टोपी त्याच्या पोटाखाली गेली. गृहस्थ किंचाळत होते, "मारलं, ह्यांना मारलं, तो बघा, केशरी, तो केशरी!" त्या चौकात त्या क्षणी जवळजवळ सगळेच पुरुष केशरी होते.

छायाचित्रकाराला एकच फोटो मिळाला. जमिनीवर हवालदार, शेजारी पहार, भोवती उघड्या पायांचे कडे. दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने तो मोठा करून मागवला आणि भिंग लावून पाहिला.

"रंग कुठे आहे?"

"आमच्याकडे फिल्म ब्लॅक अँड व्हाइट असते," छायाचित्रकार म्हणाला.

फोटोतले सगळे पाय राखाडी होते.

वायरलेसवर संदेश गेला की अंगावर केशरी रंग असलेले पुरुष ताब्यात घ्यावेत. हा संदेश मी स्वतः, व्हॅनशेजारी उभा असताना, ऐकला. पोलीस घराघरात शिरले. दारे उघडली नाहीत तिथे लाथांनी कड्या तोडल्या. जे न्हाणीघरात बेसन आणि रॉकेल लावून अंग घासत होते त्यांना आधी मार बसला, कारण ते पुरावा नष्ट करत होते. आमच्या शेजारच्या एका कारकुनाला ओल्या पंच्यावर फरफटत नेले. त्याची आई पंचा धरून मागे ओढत होती आणि पंचा तिच्या हातात राहिला.

गल्लीच्या टोकाला एका शिपायाने माझी कॉलर मागे ओढली आणि कानामागे पाहिले. तिथे शिंतोडे होते.

"रहाड कोणती?"

मी वार्ताहराचे कार्ड दाखवले.

"जा."

माझ्या मागच्या माणसाच्या कानामागेही तसाच रंग होता. त्याच्याकडे कार्ड नव्हते. तो व्हॅनमध्ये गेला.

फुलवाला घाटावर सापडला. तो कढई घासत होता. त्याचे हात इतर कोणाहीपेक्षा गडद होते. पकडणाऱ्या फौजदाराने ते हात धरून साथीदारांना दाखवले, असे घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी मला सांगितले. फौजदाराचे शब्द त्यांनी दिले ते असे: "हा बघा. सगळ्यात जास्त वेळ हाच आत होता. म्होरक्या हाच." एक बाई म्हणाली की तो दुपारपासून इथेच आहे. तिच्या पिंडरीवर लाठी बसली. कढई पाण्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. फुलवाल्याचा बाप पायरीच्या खाली उकिडवा बसला होता. धोतर, टोपी, आणि मुलासारखेच केशरी हात. तो ठाणे अंमलदाराशी बोलत होता आणि अंमलदार चहा पीत होता.

"साहेब, आत हाय का नाय एवढंच सांगा. हाय म्हणा, मी घरी जातो."

"नाव नाही इथे त्याचं. किती वेळा सांगू, म्हातारबा? अटक नाही तुझ्या पोराला."

"अटक नाय तर सोडा की मग."

"अटकच नाही, तर सोडू काय?"

आजूबाजूचे शिपाई हसले. म्हातारा हसला नाही. तो उठून ठाण्याला वळसा घालून मागे गेला आणि मी त्याच्यामागे गेलो. मागच्या भिंतीतून गटार बाहेर येत होते. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग माणसाचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने गटारातून केशरी पाणी वाहत बाहेर आले. पुन्हा आवाज, पुन्हा पाणी. म्हातारा गटाराशी बसला आणि पाण्याकडे पाहत राहिला. मला म्हणाला, "कालपास्नं चालूय हे. लिहा तुम्ही."

मी निरीक्षकाकडे गेलो. त्याच्या कपाळाला पट्टी होती. खुर्चीच्या पाठीवर ओला गणवेश वाळत घातला होता, त्यावर केशरी डाग होते.

"आत किती जण आहेत?" मी विचारले.

"अटक कोणालाही नाही. चौकशीला आणलंय."

"चोवीस तासांत न्यायालयात..."

"अटकेनंतर. मला कायदा शिकवू नका." मग तो शांतपणे बोलू लागला. "काल तुम्ही ओट्यावर होतात. मी बघितलं तुम्हाला. तुम्ही लिहिणार पोलिसांनी बोटांवर मारलं. लिहा, मारलं. पण तो प्लॅस्टरवाला माणूस नको नको म्हणत होता तेव्हा ह्या दोनशे लोकांपैकी एक तरी मध्ये पडला? पडला तो आमचा माणूस. आणि त्याच्याच डोक्यात पहार. आता डॉक्टर म्हणतात जगेल की नाही सांगता येत नाही. उद्या तुमच्या वडिलांना उचलून टाकलं, तर फोन कुणाला कराल? वकिलाला?"

"पण आत जे आहेत त्यांच्यापैकी पहार कोणी मारली?"

"तेच विचारतोय त्यांना."

भिंतीपलीकडून आवाज आला. निरीक्षकाने पंखा वाढवला.

आत काय झाले ते फुलवाल्याने नंतर न्यायालयात सांगितले आणि वैद्यकीय दाखल्यात त्यातले काही उतरले आहे. त्याचे हात गुडघ्यांखालून घेऊन बांधले आणि मधून काठी घालून त्याला दोन टेबलांमध्ये लटकवले. तळपायांवर रबरी पट्टा मारला. तो बेशुद्ध पडला की पाणी ओतत. मग ओल्या फरशीवर पळायला लावत, म्हणजे सूज उतरते. प्रश्न एकच होता, पहार कोणी मारली. त्याचे उत्तर दर वेळी एकच होते, मी घाटावर कढई धूत होतो. एका शिपायाने त्याचे हात उलटेसुलटे करून विचारले, "मग हा रंग कुठून आला?" त्याने सांगितले, "फुलांचा हाय." हे उत्तर दिल्यावर पट्टा पुन्हा सुरू झाला.

त्याला लघवीतून रक्त जाऊ लागले तेव्हा सरकारी रुग्णालयात नेण्यात आले. केसपेपरवर "पळताना पडून" असे लिहिले होते. त्याच्या वॉर्डापासून जवळच, अतिदक्षता विभागात, हवालदार होता. कवटीतून हाडाचा तुकडा काढला होता. दोघांच्या दाराशी एकाच ठाण्याचे शिपाई बसले होते आणि चहाला एकत्र जात होते.

हवालदाराच्या बायकोकडची माणसे सिन्नरहून आली होती. मी तिथे असताना फुलवाल्याचा बाप डबा घेऊन त्यांच्यासमोरून निघाला. बायकोच्या भावाचे लक्ष त्याच्या हातांकडे गेले.

"ह्याचेबी हात बघा! आरं, ह्यांनीच मारलं दाजींना!"

त्याने म्हाताऱ्याच्या हातातला स्टीलचा डबा हिसकला आणि त्याच्याच तोंडावर मारला. एकदा, दोनदा, मग मोजता आले नाही. म्हातारा भिंतीशी घसरत खाली बसला. भाकरी, पिठले आणि रक्त फरशीवर सांडले. शिपाई उठले नाहीत. हवालदाराची बायको आतून धावत आली आणि भावाच्या पाठीत बुक्क्या मारू लागली. "सोड त्याला! म्हातारा मानूस हाय! तिकडं त्यो मरायला टेकलाय आन् तू हिकडं आनिक एक पाडतोस व्हय?"

म्हाताऱ्याचे दोन दात पडले. त्याने तक्रार दिली नाही. मी कारण विचारल्यावर म्हणाला, "तिचा नवरा आत हाय. माझा पोरगा आत हाय. कुणाची तक्रार देऊ?"

न्यायालयात अटक दाखवली गेली ती त्यानंतर. कागदोपत्री सगळ्यांना आदल्या संध्याकाळी पकडले होते. संशयितांना ओळीने उभे केले गेले. फुलवाल्याला दोघांनी धरून आणले होते, तो टाचा टेकवत नव्हता. चौकातली माणसे दाराशी दाटली होती. एवढ्या दिवसांच्या पाण्याने आणि घामाने सगळ्यांचा रंग फिकट झाला होता, पण केशरीच होता. फक्त ओळीच्या टोकाचा एक जण हळदीसारखा पिवळा दिसत होता.

बचावाचे वकील उठले आणि दंडाधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, त्या शेवटच्या माणसाकडे पाहावं. पकडताना हा केशरी होता, असा पंचनामा आहे."

दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पाहिले. त्या माणसाला विचारले, "कुठले तुम्ही?"

"पिवळ्या रहाडीचा, साहेब."

"मग केशरी कसे झालात?"

तो खाली पाहू लागला. "सकाळी आमच्यात धप्पा मारला. दुपारी बहिणीच्या सासरी जेवायला गेलो, तांबड्या रहाडीकडं. भाऊजींनी ओढलं आत. जावयापुढं नाही कसं म्हणणार? पिवळ्यावर तांबडा बसला, केशरी झालो. घरी निघालो तर वाटेत उचललं."

तांबड्या रहाडीत त्या काळात बाजारातली पूड पडू लागली होती. ती धुतली गेली आणि खालचा फुलांचा पिवळा राहिला. न्यायालयात हसू फुटले. दाराशी मात्र पिवळ्या रहाडीचे लोक होते, त्यांतला एक जण मोठ्याने म्हणाला, "दुसऱ्याच्यात उतरलास? बाहेर ये तू, मग दाखवतो." त्याला बाहेर काढण्यात आले.

वकील एवढेच बोलले की, म्हणजे मारणारा केशरी दिसला यावरून तो केशरी रहाडीचाच होता असे ठरत नाही. सरकारी वकील म्हणाले की, तसे असेल तर हाही संशयितच आहे. दंडाधिकाऱ्यांनी पोलीस कोठडी नाकारली, सगळ्यांना तुरुंगात पाठवले आणि फुलवाल्याच्या तळपायांची डॉक्टरकडून तपासणी करायला सांगितले. तो ओळीतून वळला तेव्हा फरशीवर त्याच्या पायांचे ओले ठसे राहिले.

हवालदार जगला. त्याला डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले. उभे राहता येऊ लागल्यावर तुरुंगात तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. तोवर सगळ्यांचा रंग गेला होता. फुलवाल्याची नखे मात्र केशरी होती, कारण फुले उकळणाऱ्याच्या नखांतला रंग नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही. ओळीत उभ्या केलेल्या इतर माणसांची नखे स्वच्छ होती.

परेडच्या आधी काय झाले ते हवालदाराने मला निवृत्तीनंतर, सिन्नरजवळच्या त्याच्या घरी सांगितले. त्याला दुसऱ्या कोणाकडून दुजोरा मिळालेला नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे, गाडीत बरोबरच्या एकाने त्याच्या चांगल्या कानात म्हटले, "नखं बघ फक्त. केशरी नखंवाला. बाकी आम्ही बघतो."

"मग?" मी विचारले.

"नखं बघितली. लगेच दिसली. मग खाली पायाकडं बघितलं. त्याला उभं राहता येत नव्हतं, एकदा ह्या पायावर, एकदा त्या. आमच्यातलंच काम हाय ते कळलं. तीस वर्सं नोकरी केली, मला कळत नाय का? आन् खरं सांगू का, मला बोट दाखवायचं व्हतं. कुनाकडं बी. डोस्कं रात्रंदिवस ठणकत व्हतं. कुनीतरी घातली ना पहार? का हवेनं घातली?"

तहसीलदारांनी त्याला ओळीपुढून दोनदा चालवले. फुलवाल्यासमोर तो थांबला. पंचनाम्यात त्याचे उत्तर असे आहे: "मारणारा माझ्या पाठीमागे होता. मी त्याला पाहिलेले नाही. यांपैकी कोणालाही ओळखत नाही."

परत येताना गाडीत त्याच्याशी कोणी बोलले नाही, असे त्याने सांगितले. ठाण्यात त्याच्या जेवणाच्या डब्यात कोणीतरी केशरी रंग कालवून ठेवला होता. निवृत्त होईपर्यंत त्याला मुद्देमालाच्या खोलीवर नेमण्यात आले. ती पहार तिथेच होती.

संशयितांना जामीन मिळाला. फुलवाल्याच्या बापाने मुलाला ठाण्यात झालेल्या मारहाणीची तक्रार केली, तिची खात्यांतर्गत चौकशी झाली आणि बळाचा वापर सिद्ध होत नाही असा अहवाल आला. निरीक्षकाची बदली झाली; ती नियमित बदल्यांच्या आदेशात होती. प्लॅस्टरवाल्या गृहस्थांनी आपल्याला हौदात टाकणाऱ्यांविरुद्ध अर्ज दिला होता. चौकातल्या एकानेही त्यांना टाकताना पाहिल्याचे सांगितले नाही आणि त्या अर्जावर गुन्हा दाखल झाला नाही. त्यांचा हात पुन्हा बसवावा लागला आणि वाकडा बसला. पुढच्या वर्षापासून रहाडीच्या परवानगीत एक अट वाढली: कोणालाही इच्छेविरुद्ध हौदात टाकू नये. त्याच वर्षी पोलिसांनी मुदतीआधी हौद बंद करू नये अशी अटही मानकऱ्यांनी मागितली होती. ती घातली गेली नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी पोलिसांनी हवालदारावरच्या हल्ल्याच्या गुन्ह्यात "अ" समरी मागितली. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा तिचा अर्थ. न्यायालयाने ती मंजूर केली. मानकऱ्यांच्या घराने पहार परत मिळण्यासाठी अर्ज केला होता, तोही मंजूर झाला.

त्यानंतरच्या रंगपंचमीला केशरी रहाडीचे ओंडके त्याच पहारीने उचलण्यात आले. पहिला धप्पा मानकऱ्याच्या मुलाने मारला. दुसरा फुलवाल्याच्या धाकट्या भावाने मारला. फुलवाला कढईजवळ खुर्चीवर बसला होता. त्याच्या पायात लोकरीचे मोजे आणि एका मापाने मोठे बूट होते, आणि ते त्याने काढले नाहीत.